हिलालदादाचा मीडियम

सुरतेत कापडाला तोटा नाही. इथे कुणाचा काका डाईंगमध्ये असतो, कुणाची मावशी घरी बसून साड्यांना लेस लावते, कुणाचा जावई मार्केटात दलाली करतो. पाव्हण्याला चहा मिळायच्या आधी हातात ब्लाऊजपीस मिळतो. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. आमच्या घरातही पाणी भरपूर येत होतं, फक्त ते माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. पंचेचाळिशी ओलांडली तरी मला नीट बसतील असे कुर्ते माझ्या कपाटात नव्हते, आणि कपाट तर लागत नव्हतं इतकं भरलेलं.

याला कारण माझा थोरला भाऊ हिलाल. दादा कडोदऱ्याच्या एका कुर्ती कारखान्यात सॅम्पल मास्तर आहे. नवी डिझाइन आली की हजारो नग शिवायला घेण्याआधी एकच नग शिवतात. तो व्यापाऱ्यांना दाखवतात, ऑर्डर मिळते, आणि तो पहिला नग उरतो. तेच सॅम्पल. सॅम्पल नेहमी मीडियम मापाचंच असतं. हे उरलेले नग कारखान्यातले लोक आपापल्या घरी नेतात आणि दादा ते माझ्या घरी आणतो. माझं लग्न झाल्यापासून आणतो आहे. लग्नात मी मीडियम होते. मग गौरी झाली, सिझेरियन झालं, थायरॉइड झाला. मी पुढे आले, मीडियम तिथंच राहिला.

अजिबात बसत नसते तर ते कपडे कधीच बोहारणीला दिले असते. पण ते जवळजवळ बसायचे, सगळी गोम तिथे होती. डोक्यातून जायचे, खाली उतरायचे, आरशात बरे दिसायचे. फक्त काखेत काचायचे, छातीवर एक आडवी सुरकुती पडायची आणि बसलं की पोटावर शिवण रुतायची. वरून ओढणी घेतली की झाकली मूठ सव्वा लाखाची. सुरतेत यासाठी एक गुजराती शब्द आहे, आम्ही मराठी घरांनी तो केव्हाच दत्तक घेतला आहे. चालशे. रिक्षात चौथी सवारी, चालशे. चहात साखर कमी, चालशे. काखेत काचतं, चालशे.

मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीला शिकवते. एक दिवस मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "टीचर, तुम्ही फळ्यावर वरती का नाही लिहीत? पुढच्यांच्या डोक्यांमागे आम्हाला काहीच दिसत नाही."

मी वळून फळ्याकडे पाहिलं. पोरीचं खरं होतं. सगळं लिखाण खालच्या अर्ध्यात दाटीवाटीनं भरलेलं आणि वर काळाभोर, स्वच्छ, नवाकोरा फळा. हात खांद्याच्या वर नेला की शिवण ताणते, म्हणून माझ्या हातानं वर जाणंच सोडून दिलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. एवढा राग आला मला. कुणाचा ते कळेना, म्हणून तो घरापर्यंत तसाच आणला.

घरी गौरी होती. माझी लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला आईला वळण लावायची भारी हौस. सगळं ऐकून ती म्हणाली, "मम्मी, आपण टेस्ट घेऊ. एकेक कुर्ता घाल आणि हात वर कर. गेला तर पास. नाही गेला तर जवा दे, सोडून दे."

ती पलंगावर परीक्षेच्या सुपरवायझरसारखी मांडी घालून बसली आणि मी घालत राहिले, काढत राहिले. लेसवाले, आरसेवाले, जॉर्जेटचे, गळ्याशी गोंडे लोंबणारे. "फेल. फेल. मम्मी, यात तर तू श्वास पण घेत नाहीयेस. फेल." शेवटी पलंगाच्या एका बाजूला डोंगर झाला आणि दुसऱ्या बाजूला दोन कपडे उरले. त्यातला एक गाऊन होता.

दुसरा निळा सुती कुर्ता होता. हातमागाच्या एका प्रदर्शनातून मी तो स्वतः घेतला होता, एकटी असताना, कुणाला न विचारता. धुवून धुवून त्याचा रंग पार उडाला होता. गौरी म्हणाली, "तू हा का एवढा घालतेस माहितेय? इतका बोअर आहे, पण तू यात तू दिसतेस."

मी आरशासमोर उभी राहिले. याला कॉलर होती. मला कॉलर आवडते, हे मला त्या दिवशी कळलं. बाही कोपराच्या खाली येत होती, खडूनं हात पांढरे झाले की ती सरकवता येत होती. खिसा होता. चमकणारं काही नव्हतं. काखेत ऐसपैस जागा होती. आपल्याला काय आवडतं हे बाईमाणसाला माहीत असतं असं सगळे धरून चालतात. मला भाजीतलं माहीत होतं, पुस्तकातलं माहीत होतं, नवऱ्यातलंसुद्धा बऱ्यापैकी माहीत होतं. अंगावरचं मात्र कधी मला कुणी विचारलं नव्हतं, आणि फुकट मिळत असल्यामुळे मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

आता दादाला सांगायचं, असं मी ठरवलं. सॅम्पल आणू नकोस. एवढंच वाक्य होतं, पण ते नुसतं मनात घोळवूनच मला घाम फुटायचा.

आमचे आई-वडील गेले. अमळनेरकडचं गावचं घर बंद आहे, अंगणात बाभळी वाढल्यात. आता दादा म्हणजेच माझं माहेर, अख्खं एका माणसात मावलेलं. आणि माणूस मानी. आमच्या एका चुलतभावानं एकदा थट्टेत त्या सॅम्पलांना फुकटचा माल म्हटलं होतं. दादा हसला, जेवून उठला, आणि त्या घराची पायरी पुन्हा कधी चढला नाही. त्या चुलतभावाच्या पोराच्या लग्नात अक्षता टाकायलासुद्धा गेला नाही. तोच दादा उद्या माझ्या दारी यायचा थांबला तर मी कुठे जाणार होते? माझे यजमान नितीन बँकेत आहेत, जोखीम ओळखणं त्यांचं कामच. ते म्हणाले, "घे आणि ठेवून दे. कपाटाला काही टोचत नाही." गौरी म्हणाली, "पप्पा, कपाटाला नाही टोचत." त्यावर ते पेपर वाचायला लागले.

आखाजी आली. आम्हा खानदेशी लोकांत अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी जाते आणि तिला न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. पूर्वी बैलगाडी जुंपून यायचे. माझा मुऱ्हाळी गोडादऱ्याहून नवागामला ॲक्टिव्हावर येतो. अंतर एवढं, की दुधावर साय धरायच्या आत माणसानं पोचावं. तरी दादा इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून येतो, दारात उभा राहतो आणि आत यायच्या आधी अहिराणीत विचारतो, "बहिनले लेवाले उनू. धाडतस ना?" नितीन दर वर्षी गंभीरपणे म्हणतात, "धाडतो, पण लवकर परत पाठवा." यात कधी खंड पडला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या दोघा माणसांची जन्मभर ऋणी आहे.

त्याच्या घरी पोचलो. मी त्याच्या मागे बसून, गौरी तिच्या स्कूटीवर. कोपऱ्यात आई-वडिलांच्या नावाची घागर भरून ठेवलेली, तिच्यावर आंबा. कविता वहिनीनं आमरस केला होता, पुरणपोळ्या केल्या होत्या. पोटभर जेवलो. मग दादा आत गेला आणि पिशवी घेऊन आला.

"हाऊ दिवाळीना माल शे," तो म्हणाला. "बजारमां अजून कोनीच देखेल नही. शेठ दुसराले देत व्हता. मी म्हनं, नही, हाऊ मनी बहिनना शे." आणि माझ्या हातात ठेवत म्हणाला, "घाली दखाड."

मोरपंखी रंग, गळाभर आरसे, बाहीला सोनेरी लेस. दादाचा चेहरा असा फुलला होता की माझं पाठ केलेलं वाक्य पुरणपोळीबरोबर पोटात गेलं. मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं खाली पाहिलं. मी मुकाट्यानं आतल्या खोलीत गेले.

डोकं गेलं. हात गेले. मग लेसच्या अरुंद बाहीत दंडापाशी गाडी अडली. वरही जाईना, खालीही येईना. दोन्ही हात वर, तोंडावर मोरपंखी कापड, आणि माझा अर्धा जन्म त्या बाह्यांत अडकलेला. वहिनी आणि गौरी मदतीला आल्या. "ताई, श्वास सोडा," वहिनी म्हणाली. "मामी, खाली नको, वर ओढा," गौरी म्हणाली आणि हसायला लागली. हसू मलाही आलं, आणि हसताना माणूस फुगतो. बाहेरून दादा विचारत होता, "व्हयनं का? येऊ दे बाहेर."

तेवढ्यात शिवण गेली. काखेपासून पार कमरेपर्यंत. तो आवाज बाहेरसुद्धा गेला असणार, कारण दादाचा आवाज बंद झाला.

मी माझे आधीचे कपडे घातले आणि तो कुर्ता हातावर घेऊन बाहेर आले.

"दादा, फाटी गया."

दादानं तो घेतला, उलटा केला, शिवण बोटानं चाचपली. "शिलाई कच्ची व्हई," तो म्हणाला. "बठ तू. दोन मिनिटमां मारी देस."

सुटकेचं दार उघडं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. शिवण कच्ची, कारागीर नवा, झालं गेलं. चालशे हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. दादा कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर झाकलेला कपडा उचलायला लागला, ती त्याची पाठ पाहून मला इतकं वाईट वाटलं, की आता बोलले नाही तर पुढची वीस वर्षं बोलणार नाही हे मला कळलं.

"शिलाई चांगली शे, दादा," मी म्हटलं. "मालेच बसत नही. पहिलेपासून बसत नही."

तो वळला. "हाऊ?"

"एक बी नही."

कविता वहिनी हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. गौरीचं हसणं थांबलं. दादा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो बुचकळ्यात पडला होता.

"पन माप तर तुनंच शे," तो म्हणाला.

"मनं कसं?"

"मीडियम म्हंजे तूच ना."

मग त्यानं सांगितलं. कारखाना नवा निघाला तेव्हा शेठकडे शिवणाचे पुतळे नव्हते, साइझचे तक्ते नव्हते. मशिनी आणि दादा, एवढंच भांडवल. शेठ म्हणाला, हिलाल, फार जाड नाही, फार बारीक नाही, अशा एखाद्या बाईचं माप आण, त्यावर आपला मीडियम बांधू. दादानं घरी येऊन माझं माप घेतलं. त्या मापावर पहिला मीडियम कापला गेला. त्याला इंचइंच वाढवून लार्ज झाला, इंचइंच कमी करून स्मॉल झाला. शेठनं नंतर पुतळेही आणले, पण मीडियम बदलला नाही. माल खपत होता, मग कशाला बदलायचा.

मला ते एकदम आठवलं. मी पी.टी.सी.च्या, म्हणजे शिक्षिका व्हायच्या कोर्सच्या, शेवटच्या वर्षाला होते. आम्ही तेव्हा नवागामच्याच एका चाळीत राहत होतो, आई भाकरी थापत होती, आणि दादानं मला दारात उजेडाला उभं करून टेप लावली होती. मला वाटलं ड्रेस शिवतो आहे. महिना गेला, दोन गेले, ड्रेस आला नाही. मी त्याच्याशी रुसून बसले होते. तो ड्रेस पाटण्याला गेला होता. इंदूरला, नागपूरला, रायपूरला गेला होता. इतकी वर्षं कुठकुठल्या अनोळखी बाया सकाळी उठून माझ्या बाविसाव्या वर्षात हात घालत होत्या, आणि मी स्वतःच त्यात मावत नव्हते.

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. काय वाटलं ते सरळच सांगते. दादानं मला जपलं होतं, एखाद्याला देवघरात जपावं तसं, आई भाकरी थापते आहे त्या दुपारसकट. त्यासाठी त्याचे पाय धरावेसे वाटले. आणि त्याच वेळी वाटलं, अरे, पण मी इथं आहे. तुझ्यासमोर, पोळी खात, पंचेचाळिशीची, चष्मेवाली. मला एकदा बघ की.

दादा बघतच होता. डोक्यापासून पायापर्यंत, कापड बघतो तसा, सावकाश.

"तू तव्हयसारखी नही ऱ्हायनी," तो हळूच म्हणाला.

"नही ऱ्हायनी, दादा."

तो उठला आणि बाहेर गेला. खाली ॲक्टिव्हाचा आवाज आला, सीट उघडल्याचा. आखाजीच्या दिवशी माझं माहेर उठून चाललं होतं. वहिनी म्हणाली, "बसा ताई, येतील," पण तिच्याही आवाजात दम नव्हता. मला तो चुलतभाऊ आठवला. मला नितीनचा पेपर आठवला. चांगलं मिळत होतं ते घ्यायचं सोडून मला कॉलर हवी होती.

जिन्यात पावलं वाजली. दादा आत आला तेव्हा त्याच्या गळ्यात टेप होती. कारखान्याची टेप तो गाडीच्या डिकीत ठेवतो.

"उभी ऱ्हाय," तो म्हणाला. "आठे, उजेडमां."

मी दारात उभी राहिले. त्यानं खांदा मोजला, पाठ मोजली, हात वर करायला लावून काखेचा घेर मोजला. एकेक आकडा म्हणत गेला आणि गौरी फोनमध्ये टिपत गेली. एकाही आकड्यावर तो थबकला नाही, एकाही आकड्यावर मी पोट आत घेतलं नाही. टेप गुंडाळून त्यानं विचारलं, "आते सांग. तुले काय जोयजे?"

काय हवं, हे मला माझ्या माणसांपैकी पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि माझं नशीब असं की नेमकं उत्तर तयार असताना विचारत होतं.

"कॉलर," मी म्हटलं.

"कॉलर तर शर्टले ऱ्हास."

"माले जोयजे. आनि खिसा."

"खिसामां कापड जास. बायांना मालले आम्ही देत नही."

"माले दे."

"लेस?"

"नको."

"गळाले थोडा आरसा? नही तं कमरमां जरासं दाबी देस, फिटिंग मस्त दिसई."

"नको, दादा. दाबूच नको कुठं."

त्यानं डोकं खाजवलं. "लोक म्हनतीन, सॅम्पल मास्तरनी बहिन शे, आनि अशी साधी फिरस."

"म्हनू दे."

"मामा, मम्मीचं हेच आहे," गौरी मध्ये पडली. "ती झगमग नाहीये. ती कॉलरवाली आहे." दादानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कॉलरवाली बहीण या कल्पनेची सवय करून घेत असावा तसा मान हलवत राहिला. आम्ही निघालो तेव्हा त्यानं फाटलेला मोरपंखी कुर्ता घडी करून बाजूला ठेवला. वहिनी मला दाराशी म्हणाली, "बरं झालं ताई बोललात. तुमच्या मापाचे जे उरतात ते मला घालावे लागतात. मी तर त्या मापाहूनही बारीक."

पुढच्या रविवारी त्यानं बोलावलं. कापड माझ्याच पसंतीचं होतं, विटकरी रंगाचं, सुती. दादानं त्याच्या घरच्या जुन्या मशीनवर ते स्वतः शिवलं होतं. कारखान्यात तो आता फक्त सांगतो, शिवतात दुसरे. वहिनी म्हणाली, आठवडाभर कामावरून आल्यावर हेच चाललं होतं, टीव्हीसुद्धा लावला नाही.

मी आत जाऊन घातला. अलगद उतरला. हात वर केला, गेला. दोन्ही हात वर केले, गेले. खिशात हात घातला तर तो मनगटापर्यंत आत गेला. कॉलर मानेशी अशी बसली की मान आपोआप ताठ झाली. मी बाहेर आले तशी गौरी म्हणाली, "ओ हो, मम्मी." वहिनीनं कानशिलांवर बोटं मोडली. दादा कमरेवर हात ठेवून उभा होता आणि वाट बघत होता.

आणि तेव्हा मला जाणवलं, की उजवा खांदा उतरतो आहे.

अगदी थोडा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. शाळेची जड पिशवी वर्षानुवर्षं उजव्या खांद्यावर वागवून तो खांदा जरा खाली गेला असेल, आणि तिथं कापड किंचित घरंगळत होतं. बाकी सगळं मला हवं तसं होतं. खरं सांगते, आखाजीला बोलणं सोपं होतं. तो कुर्ता फाटला होता, माझ्या बाजूनं पुरावा होता. हा फाटला नव्हता. हा माझ्या मापाचा होता, माझ्या रंगाचा होता, माझ्या भावानं टीव्ही न लावता शिवला होता. हा जवळजवळ बसत होता. सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि इतक्या मायेनं केलेल्या गोष्टीत खोट काढणारी बाई मला कधी आवडलेली नाही.

दादा म्हणाला, "कसं शे?"

"चांगलं शे," मी म्हटलं. तो हसू लागला. "पन खांदा उतरस."

"कोनता?"

"जेवना." जेवणाचा हात, उजवा.

तो जवळ आला. एक पाऊल मागे गेला, डोळे बारीक केले, पुन्हा जवळ आला. उजव्या खांद्यावर दोन बोटं ठेवून त्यानं कापड उचललं आणि सोडलं. ते हळूच घसरलं. वहिनी म्हणाली, "अहो, एवढं कुठं दिसतंय? चालेल की." नेहमीचंच वाक्य, पण दादानं हातानं तिला थांबवलं.

"कारखानामां माले असं कोनीच सांगत नही," तो म्हणाला. "पीस गाडीमां भराई जास. ज्या बाईनं घालं, ती माले कव्हयच दिसत नही. तिनं काचस का उतरस, माले काय मालूम?" मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "काढ. परत करस."

मी वहिनीचा गाऊन घालून बसले. दादानं ब्लेडनं खांद्याची शिवण उसवली, खडूनं खूण केली, पुन्हा मारली. मी पुन्हा घातला. आता खांदा बसला होता, पण बाही जरा वर चढली होती. मी सांगितलं. त्यानं बाही काढली. वहिनीनं चहा केला, आम्ही तो मशीनभोवती बसून प्यायलो, आणि दादा चालता हात थांबवून मला मधूनच विचारत होता, खिसा खोल शे का, कॉलर टोचस का. लहानपणी मला शाळेत सोडताना तो असाच विचारायचा, डबा लिन्हा का, पाटी लिन्ही का. मी प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं. आयुष्यात इतकं लाडावल्यासारखं मला क्वचित वाटलं असेल.

तिसऱ्यांदा मी तो घालून बाहेर आले, तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. दादानं दोऱ्याचा तुकडा दातानं तोडला आणि नुसत्या भुवया उंचावल्या. मी खांदे फिरवले, हात वर नेले, खाली आणले, थोडा वेळ उभी राहिले.

"डावीकडे, काखमां," मी म्हटलं. "जरासंच."

दादा मोठ्यानं हसला. पुन्हा खुर्ची ओढून बसला, कुर्त्यासाठी माझ्यापुढे हात केला आणि आत वहिनीला हाक मारली, "वं कविता, भाकरी टाक. हाई आज काई घर जात नही."